गेम कंपन्यांनी खरं कधी सांगायचं?

या पंधरवड्यात आलेल्या पत्रांपैकी चार एकाच दुखण्याची निघाली, म्हणून ती एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : जाहिरातीत थोडं वाढवून सगळेच सांगतात. गेम कंपन्यांकडूनच एवढ्या खरेपणाची अपेक्षा का? ‘सायबरपंक २०७७’वर लोक उगाच तुटून पडले असं मला वाटतं. (विद्यार्थी, रत्नागिरी)

उत्तर : वाढवून सांगितलं असतं तर लोक विसरले असते. इथे झाकलं होतं. १० डिसेंबर २०२० रोजी गेम आला, तेव्हा ऐंशी लाख प्रती आगाऊ विकल्या गेल्या होत्या. जुन्या प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वन या कन्सोलवर, म्हणजे टीव्हीला जोडायच्या गेमच्या यंत्रांवर, तो अडखळायचा, मधेच बंद पडायचा. कंपनीला हे ठाऊक नव्हतं यावर माझा विश्वास नाही. तरीही काही आठवडे आधी तो बनवणाऱ्या सीडी प्रोजेक्टचे प्रमुख गुंतवणूकदारांना सांगत होते की जुन्या कन्सोलवरही गेम आश्चर्य वाटावं इतका चांगला चालतो. समीक्षकांना आधी मिळाली ती फक्त पीसीची प्रत, आणि स्वतः खेळतानाचं चित्रण दाखवायला मनाई.

आपल्याकडे मासेवालीने सुरमईचा कल्ला उचलून बघू दिला नाही, तर गिऱ्हाईक पुढच्या पाटीकडे वळतं. इथे मात्र लाखोंनी न बघता घेतलं, कारण स्टुडिओवर जीव होता. राग त्या जिवाच्या प्रमाणातच आला. आठवड्याभरात सोनीने गेम आपल्या दुकानातून काढला आणि पैसे परत देऊ केले. तो तिथे परतला जून २०२१मध्ये. मधल्या काळात संस्थापकाने व्हिडिओ करून माफी मागितली. पुढे गेम खरोखरच सुधारला, आज मी तो कोणालाही सुचवीन. पण नोव्हेंबरमध्ये ‘जुन्या कन्सोलवर अजून तयार नाही, थांबा’ एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. मग दिवाळीनंतरचा धंदा बुडाला असता, हेही खरं.

प्रश्न : माझा नववीतला मुलगा गेममधल्या पेट्या विकत घेऊन उघडतो. बंदुकीचं भारी स्किन (बंदुकीचं नवं रंगरूप) निघेल म्हणतो, निघत काहीच नाही. माझ्या फोनवरून हजार-बाराशे गेले. ही फसवणूक नाही का? (गृहिणी, चिपळूण)

उत्तर : ताई, आधी यूपीआयचा पिन बदला, मग बाकीचं. अशा पेटीतून काय निघण्याची शक्यता किती, हे विकण्याआधी दाखवलंच पाहिजे असा नियम अ‍ॅपलने डिसेंबर २०१७मध्ये केला. त्यामुळे आकडा बऱ्याच गेममध्ये सापडतो, पण कुठेतरी कोपऱ्यात, बारीक अक्षरांत. मुलाला शेजारी बसवून तो शोधा. एक टक्का लिहिलेलं दिसलं की मुलं समजतात, शंभर पेट्यांत एक नक्की. तसं नसतं. ०.९९ शंभर वेळा गुणून दाखवा त्याला : शंभर पेट्या उघडूनही हात रिकामे राहण्याची शक्यता सुमारे ३७ टक्के उरते.

फसवणूक म्हणाल, तर बटणांची मांडणी बघा. चुकून दाबली जातील अशी बटणं ठेवून खरेदी करायला लावल्याबद्दल ‘फोर्टनाइट’च्या एपिक गेम्सला अमेरिकेत २०२२मध्ये २४.५ कोटी डॉलर ग्राहकांना परत द्यायचं कबूल करावं लागलं. आपल्याकडेही केंद्राने नोव्हेंबर २०२३मध्ये अशा तेरा क्लृप्त्या ठरवून त्यांना मनाई केली. तक्रारीसाठी ग्राहक हेल्पलाइन १९१५. फोन लावण्याआधी स्क्रीनशॉट काढून ठेवा.

प्रश्न : दादा, आम्ही तिघे मित्र सिंधुदुर्ग किल्ला आणि शिवरायांच्या आरमारावर गेम करतोय. गणपतीला मुंबईकर येतील तेव्हा मल्टिप्लेअर (अनेकांनी एकत्र खेळायची सोय) देऊ असं इन्स्टावर टाकलं. काहींनी ९९ रुपये आगाऊ दिलेत. पण मल्टिप्लेअर काही जमत नाहीये. आहे तेवढं गुपचूप सोडू, नंतर अपडेट देऊ, असं एकाचं म्हणणं. ‘नो मॅन्स स्काय’ने तेच केलं ना? (मालवण)

उत्तर : मित्राने अर्धीच गोष्ट ऐकली आहे. त्या गेममध्ये खेळाडू एकमेकांना भेटू शकतील असं मुलाखतींतून सांगितलं गेलं होतं. ऑगस्ट २०१६मध्ये गेम आल्याबरोबर दोघे जण मुद्दाम एकाच ग्रहावर, एकाच जागी जाऊन उभे राहिले आणि एकमेकांना दिसलेच नाहीत. त्यानंतर गेम बनवणारी हॅलो गेम्स कित्येक आठवडे गप्प. खरं मल्टिप्लेअर आलं जुलै २०१८मध्ये, तेही फुकट. ती दोन वर्षं त्यांना परवडली, कारण गेम पूर्ण किमतीला धडाधड खपला होता. तुमच्याकडे आहेत ९९ रुपये देणारे गाववाले, आणि ते चतुर्थीला आरतीत शेजारी उभे राहणार.

उशीर लोक सहन करतात. ‘हॉलो नाइट : सिल्कसाँग’ हा गेम २०१९मध्ये जाहीर झाला, आला सप्टेंबर २०२५मध्ये. चाहत्यांनी चिडचिड केली, विनोद केले, पण थांबले. अर्धवट काही त्यांच्या गळ्यात मारलं नव्हतं. तेव्हा आजच लिहून टाका : मल्टिप्लेअर यंदा नाही, एकट्याने खेळायचा भाग एवढा तयार आहे. कोणी मागायची वाट न बघता ९९ रुपये परत पाठवा. ज्याला गेम हवा आहे तो पुन्हा देईल. आणि ‘लवकरच’ हा शब्द पोस्टमध्ये नको. ‘फ्री फायर इंडिया’ हा मोबाइल गेम सप्टेंबर २०२३मध्ये येणार होता, ऐन तोंडावर ‘काही आठवडे’ पुढे गेला, आणि ते आठवडे वर्षाहून लांबले.

प्रश्न : ‘द क्रू’ची डिस्क कपाटात आहे, पण गेम चालत नाही. विकत घेतलेली वस्तू अशी बंद कशी पडते? (वेंगुर्ला)

उत्तर : गेमची कंपनी युबिसॉफ्टने ३१ मार्च २०२४ रोजी आपले सर्व्हर, म्हणजे गेम ज्यांच्याशी इंटरनेटवरून जोडलेला असतो ते संगणक, बंद केले, आणि हा गेम एकट्याने खेळायलाही सर्व्हर लागायचा. कॅलिफोर्नियात २०२५पासून डिजिटल दुकानांना सांगावं लागतं की तुमच्या हाती येतोय तो फक्त परवाना. आपल्याकडे पुढच्या खरेदीआधी गेमच्या माहितीत ‘सतत इंटरनेट आवश्यक’ असं लिहिलंय का ते बघा. असेल तर सोडून द्या. वेंगुर्ल्यात तो जून ते सप्टेंबर तसाही चालणार नाही.