बिल मुलाच्या नावावर, मशीन माझ्या घरात. वॉरंटी नाकारली तर?

प्रश्न : मुलाने पुण्यात फ्रंट लोड वॉशिंग मशीन घेऊन सोलापूरला आमच्याकडे पाठवलं. कंपनीच्या माणसाने ते बसवलं. पहिल्या दिवसापासून कपडे पिळताना मशीन जागचं सरकतं. तक्रार केली की 'तुमची फरशी उंचसखल आहे' म्हणायचे. आता तेराव्या महिन्यात बेअरिंग गेलं. वॉरंटी दोन वर्षांची आहे, तरी 'कपडे जास्त भरलेत' म्हणून साडेआठ हजार मागताहेत.

उत्तर : ताई, पैसे भरण्याआधी मशीनची मागची बाजू बघा. वाहतुकीत ड्रम हलू नये म्हणून तिथे लांब ट्रान्झिट बोल्ट आवळलेले असतात. मशीन बसवताना ते काढून भोकांवर प्लास्टिकची झाकणं लावायची असतात. बोल्ट तसेच राहिले तर ड्रमचे हादरे थेट सांगाड्याला बसतात आणि मशीन असं सरकतं. ते अजून तिथेच असतील तर हात लावू नका, मशीनही चालवू नका. फोटो आणि व्हिडिओ काढा. ही चूक बसवणाऱ्याची, म्हणजे सेवेतली त्रुटी.

बोल्ट काढलेले असले तरी तुमची बाजू पडत नाही. मशीन नवं असतानाच केलेल्या तक्रारी हा भक्कम पुरावा आहे. त्यांचे एसएमएस आणि तक्रार क्रमांक शोधून ठेवा. 'कपडे जास्त भरले' हे कंपनीचं म्हणणं आहे, तर ते कशावरून ठरवलं, हे तिने लेखी सांगावं. मला खरी काळजी वाटते ती जॉबशीटची, म्हणजे मेकॅनिक कामाची नोंद करतो त्या कागदाची. मेकॅनिक त्यावर 'ओव्हरलोड' लिहितो, घाईत सही घेतो आणि पुढे तोच कागद तुमच्याविरुद्ध येतो. वाचा, पटत नसेल तर 'हे कारण मान्य नाही' असं लिहून मगच सही करा.

बिल मुलाच्या नावावर असल्याने अडत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार खरेदीदाराच्या संमतीने वस्तू वापरणाराही ग्राहकच असतो. तरी मुलालाही तक्रारदार करा, म्हणजे हा मुद्दा निघणारच नाही. पुण्याला जायची गरज नाही. तक्रारदार राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे दाद मागता येते.

आधी कंपनी आणि दुकानदार दोघांनाही पंधरा दिवसांची मुदत देऊन लेखी नोटीस पाठवा. सोबत राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर 1915 ला तक्रार नोंदवा. पुष्कळ प्रकरणं तिथेच मिटतात. नाहीच मिटलं तर आयोग. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकीलही सक्तीचा नाही. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. कंपनी ती पहिल्या बिघाडापासून मोजायला बघेल, म्हणून थांबू नका. मागणी मोफत दुरुस्तीची, नाहीतर बदली मशीन किंवा किमतीच्या परताव्याची ठेवा. मानसिक त्रासापोटी लाखोंचा आकडा घालू नका, त्याने तक्रार हलकी पडते.

घरात अडचण होऊन पैसे भरावेच लागले, तर 'हक्क राखून, हरकतीसह' असं लिहून द्या, पक्की पावती घ्या आणि काढलेलं जुनं बेअरिंग मागून घेऊन जपून ठेवा.