प्रोसेसरचा वेग: आधी बायोस बघ, मग लिनक्स

लॅपटॉप कमी गिगाहर्ट्झवर अडकलाय म्हणून लगेच कर्नल (लिनक्सचा गाभा) बदलू नकोस. वेगाच्या कोणत्या पायऱ्या उपलब्ध आहेत, हे ऑपरेटिंग सिस्टिमला सहसा फर्मवेअर (बायोस, म्हणजे मदरबोर्डवरचं मूळ सॉफ्टवेअर) सांगतं, एसीपीआय या मानकाच्या तक्त्यांमधून. जुन्या पद्धतीत ठरावीक पी-स्टेट, म्हणजे वेगाच्या ठरलेल्या पायऱ्या, असतात. २०११ च्या एसीपीआय ५.० मध्ये सीपीपीसी ही नवी पद्धत आली. त्यात सिस्टिम फक्त किती कामगिरी हवी ते कळवते, नेमका वेग प्रोसेसर ठरवतो. मला ही मांडणी फार आवडते.

म्हणून पहिलं काम बायोसमध्ये. इंटेल असेल तर स्पीडस्टेप आणि स्पीड शिफ्ट (वेग आपोआप बदलण्याच्या सोयी), एएमडी असेल तर सीपीपीसी चालू आहे का बघ. तिथे बंद असेल तर लिनक्समध्ये कितीही खटपट कर, सहसा उपयोग नाही.

नवख्यांच्या नेहमीच्या चुका:

- लिनक्सच्या गव्हर्नरमध्ये (वेग ठरवण्याचं धोरण) 'पॉवरसेव्ह' दिसलं की घाबरून 'परफॉर्मन्स' लावणं. इंटेल पी-स्टेट हा लिनक्समधला वेग सांभाळणारा ड्रायव्हर अ‍ॅक्टिव्ह मोडमध्ये असेल तर पॉवरसेव्हसुद्धा काम वाढलं की वेग वाढवतं.
- टीएलपी आणि पॉवर प्रोफाइल्स डीमन ही वीजवापर सांभाळणारी दोन्ही सॉफ्टवेअर एकदम चालवणं. एकच ठेव.
- उष्णता विसरणं. नाशिकचा पारा एप्रिल-मेमध्ये चाळिशी गाठतो, त्यात पंख्यात धूळ असेल तर प्रोसेसर स्वतःला वाचवायला वेग उतरवतो. तिथे कुठलंच सेटिंग कामाचं नाही, आधी पंखा साफ कर.

अंडरव्होल्टिंग (प्रोसेसरला कमी व्होल्टेज देणं) सध्या बाजूला ठेव. बायोसमध्ये काय दिसलं आणि कोणता ड्रायव्हर चालू आहे, तेवढं कळव. नक्की जमेल तुला.