माडांच्या मधल्या जागेत खरंच काही येत नाही का?

तुम्ही विचारलंय की घरामागे दहा-बारा माड आहेत, मधल्या मोकळ्या जागेत काय लावावं, आणि 'नारळाखाली काही येत नाही' असं सगळे म्हणतात ते खरं का. साफ खोटं आहे. लग्न होऊन गुहागरला आले तेव्हापासून आमच्या भावोजींच्या तोंडून हेच वाक्य ऐकतेय, म्हणून लिहायला बसले.

आमच्या आगरात सासूबाईंनी जायफळाची रोपं लावली होती, चार माडांच्या बरोबर मधोमध. कलमं नव्हती, रोपवाटिकेतून आणलेली बियांची रोपं होती. केळीच्या सावलीत वाढवली, उन्हाळ्यात शिपणं कधी चुकू दिलं नाही. झाडं फुलायला लागली आणि त्यातलं सगळ्यांत डेरेदार झाड फळच धरेना. भावोजी मे महिन्यात मुंबईहून आले की सुरू: माड सगळं खाऊन टाकतो, तोडा ते झाड, जागा झाडून स्वच्छ ठेवा. सासूबाई ऐकून घ्यायच्या. मला ते सहन व्हायचं नाही.

जायफळात नर आणि मादी झाडं वेगळी असतात. बियांच्या रोपांत साधारण निम्मी नर निघतात आणि फुलं आल्याशिवाय ओळखू येत नाहीत. नराला फुलं झुपक्यानं येतात, मादीला बहुधा एकेकटी. ते झाड नर होतं, यात माडाचा काय दोष? आणि तोडायचं तर मुळीच नव्हतं, दहा मादी झाडांमागे एक नर लागतोच. मी आजूबाजूला मादी कलमं लावली. आता पावसाळ्यात फळं तडकून आतली लालभडक जायपत्री दिसते, भावोजी पिशवी भरून मुंबईला नेतात. पण 'वहिनी, आईचं बरोबर होतं' एवढं काही त्यांच्या तोंडून आलं नाही. सासूबाई ते ऐकायला आता नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं.

ज्याला पटत नाही त्याने रत्नागिरीजवळ भाट्याच्या नारळ संशोधन केंद्रात जाऊन यावं. माडांत जायफळ, दालचिनी, मिरी, केळी, अननस एकत्र लावतात, 'लाखी बाग' म्हणतात तिला. माडाची बहुतेक कामाची मुळं बुंध्यापासून सहा-साडेसहा फुटांच्या आत असतात. तेवढं आळं त्याचं, पलीकडची जागा तुमची. तिथे फरशी घालू म्हणणाऱ्याचं ऐकू नका, मग तो घरचा थोरला का असेना.

जायफळाचं मादी कलमच घ्या आणि जोडीला एक नर ठेवा, नाहीतर दापोली विद्यापीठाची 'कोकण सुगंधा' ही जात घ्या, तिच्या एकाच झाडावर नर-मादी दोन्ही फुलं येतात. मिरीचा वेल माडावर उत्तरेच्या अंगाला चढवा, पण पंधरा फुटांवर छाटत राहा, नाहीतर पाडेली, म्हणजे नारळ पाडणारा, माडावर चढायला तयार होत नाही. पावसाच्या तोंडावर एक टक्का बोर्डो मिश्रण (मोरचूद आणि चुन्याचं बुरशीनाशक) फवारा आणि मुळाशी पाणी साचू देऊ नका, मर रोग लागला की वेल हातचा जातो.

खताचं विचारलंत, तर मोठ्या माडाला वर्षाला ५० किलो शेणखत, सव्वादोन किलो युरिया, ३ किलो सुपर फॉस्फेट, २ किलो पोटॅश, त्यातला युरिया आणि पोटॅश तीन हप्त्यांत. मधल्या झाडांचं खत वेगळं द्यायचं, माडाच्या वाट्यातलं नाही. बहुतेकांचं नेमकं इथेच बिनसतं आणि खापर माडावर फुटतं.

एक मात्र आहे. माड आठ ते पंचवीस वर्षांच्या मधले असतील तर झावळ्यांची सावली फार दाट असते, तेव्हा जायफळ रखडतं. आणि हे सगळं २५ फुटांवर लावलेल्या माडांचं सांगितलं. पंधरा फुटांवर दाटीनं लावले असतील तर मधे काही लावू नका. अंतर आणि माडांचं वय कळवा, मग कलमं किती बसतील ते सांगते.