लाईट गेली की सोलरही बंद का पडतं? बॅटरी लावावी का?

तुम्ही लिहिलंय की ३ किलोवॅटचं ऑन-ग्रीड (म्हणजे ग्रीडला, विजेच्या लाइनला जोडलेलं) सोलर असूनही लाईट गेली की भर दुपारी पंखा थांबतो. बिघाड काही नाही. ऑन-ग्रीड इन्व्हर्टर लाइनचं व्होल्टेज आणि ५० हर्ट्झची फ्रिक्वेन्सी बघूनच चालतो. लाइन गेली की दोनेक सेकंदांत सुटा होतो. नाही झाला, तर तुमच्या गच्चीवरची वीज उलटी खांबावर जाईल आणि लाइन बंद आहे म्हणून तारेला हात लावणारा वायरमन जिवाला मुकेल. भर पावसात खांबावर चढणारी ही माणसं मी रोज बघतो. म्हणून, घरातल्या साध्या बॅटरीवाल्या इन्व्हर्टरला किंवा जनरेटरला जोडून सोलर चालू ठेवायचा जुगाड कुणी सुचवला तर कृपया ऐकू नका. जास्तीची वीज त्यातच उलटी शिरते आणि तो जळतो.

बॅकअप हवा असेल तर हायब्रिड, म्हणजे ग्रीड आणि बॅटरी दोन्हींवर चालणारा सोलर इन्व्हर्टर घ्या. माझ्याकडे तोच आहे. लाईट गेली की तो ग्रीड तोडतो आणि बॅकअप आउटपुटवरचा लोड बॅटरी-पॅनेलवर चालवतो. मी आधी अख्खं घर त्या आउटपुटवर टाकलं होतं. पहिल्याच संध्याकाळी बोअरची १ एचपीची मोटर लावली आणि ओव्हरलोड दाखवून सगळं घर बंद! मोटर ७४६ वॅटची, पण सुरू होताना पाच-सहा पट करंट ओढते. मग वेगळी डीबी (स्विच-फ्यूजची वाटप पेटी) बसवून घेतली: दिवे, पंखे, फ्रीज, राउटर तिच्यावर, मोटर, गीझर, एसी बाहेर. हा लोड सरासरी ३२५ वॅट भरतो. ५१.२ व्होल्ट, १०० एएचच्या लिथियम बॅटरीत सुमारे ५ युनिट मावतात, त्यातली ८० टक्के वापरली आणि इन्व्हर्टरमधली थोडी घट धरली तरी दहा-अकरा तास निघतात.

सेटिंग मात्र स्वतः बघा. कंपनीतून आलेल्या सेटिंगवर माझी बॅटरी रोज रात्री बिल वाचवायला रिकामी व्हायची आणि पहाटे लाईट गेली की हाती काही नाही. नेट मीटर असेल तर दिवसाची जास्तीची युनिटं खात्यात जमा होतातच, मग बॅटरी रोज कशाला झिजवायची? मी ती राखीव ठेवलीय, लाईट गेल्यावरच वापरायला.

ग्रीड पूर्ण सोडू नका. लाइन पोचतच नाही अशा शेतघराला ते ठीक. एरवी उन्हाळ्यात बॅटरी भरली की पॅनेलची वीज वाया जाते आणि आषाढात चार दिवस ढग राहिले की जनरेटर शोधावा लागतो.

तुमचा ऑन-ग्रीड इन्व्हर्टरही टाकून देऊ नका. काही हायब्रिड त्याला आपल्या बॅकअपच्या बाजूला घेतात आणि बॅटरी भरली की फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झच्या वर नेऊन त्याला वीज कमी करायला लावतात. दोन्ही मॉडेलना हे जमतं का, हे विक्रेत्याकडून लेखी घ्या.