फॅशन शिकायचीये? आधी कपडा उलटा करून बघ

अगं, ट्रेंड, रील्स, कलर थिअरी सगळं नंतर, आधी कपाटातला तुला सगळ्यात छान बसणारा कुर्ता काढ आणि उलटा करून नीट बघ, शिवणीत किती माया (शिवणीपलीकडचं जास्तीचं कापड) सोडलीये, कडा ओव्हरलॉक केल्यात का (म्हणजे धागे सुटू नयेत म्हणून मशीनने गुंफल्यात का), चौकडा असेल तर रेघा शिवणीवर जुळतायत का. खांद्याची शिवण बरोब्बर खांद्याच्या हाडावर संपली पाहिजे, हे आधी बघायचं, कारण कंबर आणि लांबी टेलर सहज करून देतो पण खांदा चुकला की बाहीच उसवावी लागते.

मग कापड. दुकानात लेबल वाचच, पण लेबल नसेल तर कडेचा एक धागा काढ (शिवणदोरा नको, तो बऱ्याचदा पॉलिस्टर असतो), चिमट्यात धरून सिंकवर जपून जाळ. कॉटन कागदासारखं जळून मऊ राख होते, पॉलिस्टर वितळून कडक मणी होतो.

आणि प्लीज, आई-आजीच्या साड्या बघ गं! हातमागाच्या पैठणीच्या पदराची नक्षी मागूनही जवळपास पुढच्यासारखीच दिसते, पॉवरलूमवाल्यात मागे बहुतेक वेळा सुटे किंवा कापलेले धागे असतात. येवल्याला जाणं झालं तर विणकराच्या मागाशेजारी थोडं बस, मोर विणताना एकेका रंगाच्या धाग्याची वेगळी कांडी (धागा गुंडाळलेली छोटी नळी) कशी फिरते ते बघ, खूप कळतं त्यातून.

खरेदी सध्या कमीच कर, ट्रायल मात्र भरपूर घे, आणि ट्रायल रूममध्ये हात वर करून, खाली बसून बघितल्याशिवाय काहीच घेऊ नकोस.