वाचकांचे प्रश्न : दिवाडीची भटकंती

प्रश्न : मुले ६ आणि ९ वर्षांची, सोबत सासूबाई. नदी, डोंगर, जुने अवशेष हवेत. पण मोठी चढण नको. कुठे जावे?

उत्तर : गोव्यातले, मांडवी नदीतले दिवाडी बेट. जुने गोवे येथील धक्क्यावरून सकाळी सातच्या सुमारास फेरीबोट धरा. पलीकडचा रस्ता खाजन शेतांतून (खाऱ्या पाण्याला बांध घालून केलेल्या सखल शेतांतून) जातो, सपाट पण सावलीविना. सहल बिघडते ती इथेच, नऊनंतर निघालात तर मुले अर्ध्या वाटेत बसतात. माणशी लिटरभर पाणी व टोप्या घ्या. खाजनाच्या बांधावर चढू नका, कडेची माती खचते.

पुढे पिएदादची टेकडी. चढ डांबरी, सासूबाईंना थांबत थांबत जमेल. वरच्या चर्चजवळून मांडवीचे पात्र दिसते. मग बेटावरच्याच नार्वे गावाच्या दिशेने कोटितीर्थ तळी. सप्तकोटेश्वराचे मूळ देऊळ इथले. पोर्तुगिजांनी ते पाडले. चिऱ्यांच्या पायऱ्यांवर शेवाळ धरते, मुलांना खाली उतरू देऊ नका. पावसाळ्यात तर नकोच. नोव्हेंबर ते फेब्रुवारी बरे.

अंगात त्राण उरले तर दुसऱ्या फेरीबोटीने नदीपलीकडे, डिचोली तालुक्यातल्या त्याच नावाच्या नार्वे गावाला जा. शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये जीर्णोद्धार करविलेले सप्तकोटेश्वराचे देऊळ तिथे आहे. परतीच्या फेरीबोटीची वेळ मात्र उतरतानाच विचारून ठेवा.