कूळ-मालक वाद: आपले प्रश्न

प्रश्न: आजोबांचे नाव सातबाऱ्याच्या इतर हक्कात 'साधे कूळ' म्हणून आहे. जमीन आम्हीच कसतो. मालकीण विधवा होत्या, त्या वारल्या. मुलगा म्हणतो, 'मुदतीत खरेदीची नोटीस दिली नाही, तुमचा हक्क संपला.' खरे आहे का?

उत्तर: आधी जुने फेरफार काढा. बाईंचे यजमान कधी वारले, यावर सगळे अवलंबून आहे. १९४८ च्या मुंबई कूळ कायद्यानुसार १ एप्रिल १९५७ ला कूळ मानीव खरेदीदार झाले, म्हणजे कायद्यानेच जमिनीचे खरेदीदार धरले गेले. त्या दिवशी यजमान हयात असतील तर खरेदी तेव्हाच झाली. बाई पुढे विधवा झाल्या म्हणून ती मोडत नाही. कलम ३२ ग खाली तहसीलदारांकडून किंमत ठरवून घ्यायची, ती भरायची आणि ३२ म चे खरेदी प्रमाणपत्र घ्यायचे.

त्या दिवशी बाई विधवाच असतील, तर ३२ फ प्रमाणे खरेदी पुढे गेली. पण कुटुंब एकत्र असेल आणि त्यात एखादा सज्ञान, धडधाकट पुरुष असेल, तर ३१ मार्च १९५८ पूर्वी बाईंचा हिस्सा सरहद्दी पाडून वेगळा झालेला असावा लागतो. नसेल तर ही सवलत मिळत नाही. हा मुद्दा बरेच जण मांडतच नाहीत.

मुदतीचे म्हणाल तर बाईंचा हक्क संपल्यावर पहिले वर्ष वारसाचे (जमीन परत मागायला), पुढचे कुळाचे (खरेदीची नोटीस द्यायला). मात्र हक्क संपल्याचे वारसाने कुळाला कळवायला हवे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केले आहे. म्हणून मुलाकडे त्या पत्राची पोच मागा. पोच नसेल तर खरेदीची नोटीस आजच नोंदणीसह स्पीड पोस्टाने त्याला पाठवा आणि प्रत तहसीलदारांकडे देऊन आवक शिक्का घ्या. आजोबांच्या सगळ्या वारसांची नोंद आधी करून घ्या. खंडाच्या पावत्या आणि १९५६-५७ ची पीकपाहणी जोडा. चौकशीला गैरहजर राहू नका. तिथेच खरेदी निष्फळ ठरते. तशी ती ठरली तरी मालकाला परस्पर ताबा घेता येत नाही, ३२ प खाली आदेश लागतो. निकालावर अपील ६० दिवसांत.

(मराठवाडा आणि विदर्भाचे कूळ कायदे वेगळे, तिथे ही कलमे लावू नका.)

प्रश्न: मालक थोडे पैसे देऊन स्टॅम्पपेपरवर 'कूळहक्क सोडला' असे लिहून मागतो. चालेल का?

उत्तर: नाही. कलम १५ प्रमाणे राजीनामा लेखी हवा आणि तहसीलदारांनी त्याची खातरजमा केलेली हवी. तो कागद बिनकामाचा असला तरी पुढे तुमच्याविरुद्ध दाखवला जातो, म्हणून सही करूच नका.

प्रश्न: ३२ म चे प्रमाणपत्र १९८५ चे आहे. जमीन विकायला परवानगी लागेल?

उत्तर: प्रमाणपत्राला १० वर्षे झालेली असल्याने २०१४ च्या दुरुस्तीनुसार पूर्वपरवानगी लागत नाही. शेतसाऱ्याच्या आकारणीच्या ४० पट नजराणा सरकारला भरायचा. बाजारभावाचा हिशोब कोणी सांगितला तर ऐकू नका. सातबाऱ्यावरचा आकार बघा, रक्कम किरकोळ निघते. घेणारा मात्र शेतकरीच हवा.